निरोप फक्त तीन मिलिसेकंदांत! सबस्टेशनमधल्या रिलेंच्या वीस गोष्टी

गावाबाहेर, तारेच्या कुंपणाआड, 'धोका'च्या पाटीमागे सबस्टेशन उभे असते. यार्डात ब्रेकर, ट्रान्सफॉर्मर, बसबार. कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर ओळीने बसवलेले रिले. लाइनवर फॉल्ट आला की ब्रेकरला ट्रिप द्यायची, हे रिलेचे मूळ काम. पण आजचा रिले एकटा काम करत नाही. तो शेजारच्या रिलेला कळवतो, ब्रेकरची खबर ठेवतो, लोड डिस्पॅचपर्यंत बातमी पोचवतो. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या कंपन्यांनी बनवलेली ही उपकरणे एकमेकांचे बोलणे समजतात, कारण जगभरच्या अभियंत्यांनी एकत्र बसून त्यांच्यासाठी सामाईक नियम लिहिले. आपल्या घरातला दिवा या नियमांवर रोज अवलंबून असतो, तरी त्यांच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. म्हणून या वीस गोष्टी.

१. आधी रिले फक्त फ्लॅग पाडायचा

जुना इलेक्ट्रोमेकॅनिकल रिले म्हणजे काचेच्या झाकणाआड ॲल्युमिनियमची एक चकती. करंट वाढला की चकती फिरायची, काँटॅक्ट जुळायचे, ब्रेकरला ट्रिप जायची आणि खिडकीत छोटासा रंगीत फ्लॅग पडायचा. रिलेला जे सांगता यायचे ते एवढेच. करंट किती होता, फॉल्ट किती किलोमीटरवर होता, यातले त्याला काही सांगता येत नसे. हूटर वाजला की ऑपरेटर पॅनेलपुढे जायचा, फ्लॅग बघून वहीत नोंद करायचा, वेळ भिंतीवरच्या घड्याळातली लिहायचा आणि मग हाताने फ्लॅग रिसेट करायचा. 'सीडीजी' नावाचे असे रिले आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राबले.

२. आकड्यांची बोली १९२८ पासून

संरक्षणाच्या क्षेत्रातली सर्वात जुनी सामाईक भाषा शब्दांची नाही, आकड्यांची आहे. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने १९२८ मध्ये यादी काढली आणि प्रत्येक कामाला एक क्रमांक दिला. २१ म्हणजे डिस्टन्स रिले, ५० म्हणजे तत्काळ ओव्हरकरंट, ५१ म्हणजे वेळ घेऊन चालणारा ओव्हरकरंट, ५२ म्हणजे ब्रेकर, ८७ म्हणजे डिफरन्शियल. ८६ म्हणजे लॉकआउट, आपल्याकडचा 'मास्टर ट्रिप'. तो चालला की रिसेट केल्याशिवाय ब्रेकर पुन्हा लागत नाही. 'एटी-सिक्स ऑपरेट झालाय' एवढे म्हटले, की नागपूरच्या अभियंत्याला जे कळते तेच ब्राझीलच्याही. हीच यादी पुढे 'सी ३७.२' या मानकाच्या रूपाने वाढत गेली आणि आजही ड्रॉइंगवर हेच आकडे असतात.

३. हायव्होल्टेज तारेवरून फोन

मोठ्या सबस्टेशनजवळून जाताना लाइन यार्डात शिरते तिथे एक जाडजूड पिंपासारखे कॉइल टांगलेले किंवा खांबावर बसवलेले दिसते. तो वेव्ह ट्रॅप. ज्या तारेतून ५० हर्ट्झची वीज वाहते, त्याच तारेवरून साधारण ५० ते ५०० किलोहर्ट्झचा दुसरा सिग्नलही जातो. हा सिग्नल बसबारकडे निसटू नये म्हणून वेव्ह ट्रॅप त्याला अडवतो. याला पॉवर लाइन कॅरियर म्हणतात. दोन सबस्टेशनांचे ऑपरेटर यावरून बोलायचे, आणि एका टोकाचा डिस्टन्स रिले दुसऱ्या टोकाला 'माझ्याकडे फॉल्ट दिसतोय' हेही यावरूनच कळवायचा. आता अनेक ठिकाणी मनोऱ्याच्या अगदी वरच्या अर्थ वायरमध्येच काचेचे तंतू घातलेले असतात आणि तोच निरोप प्रकाशातून जातो.

४. पहिला संगणकी रिले 'टेस्ला'मध्ये

जॉर्ज रॉकफेलर या अभियंत्याने १९६९ मध्ये लाइनचे संरक्षण डिजिटल संगणकाकडून करून घेता येईल, असे मांडणारा निबंध लिहिला. १९७१ मध्ये वेस्टिंगहाउसच्या 'प्रोडार ७०' यंत्रणेने ते करूनही दाखवले. जागा होती कॅलिफोर्नियातले टेस्ला सबस्टेशन, आणि लाइन २३० केव्हीची. त्या काळी एका लाइनसाठी अख्खा मिनिकॉम्प्युटर लागला. १९८४ मध्ये एडमंड श्वाइट्झर यांनी मायक्रोप्रोसेसरचा रिले बाजारात आणला आणि संगणक पॅनेलवरच्या एका खणात मावला. त्या दिवसापासून रिलेकडे सांगण्यासारखे पुष्कळ काही आले. प्रश्न उरला तो एवढाच, की सांगायचे कोणत्या भाषेत?

५. जितक्या कंपन्या तितक्या बोली

प्रत्येक कंपनीने आपापली बोली काढली. ब्रिटनमधून 'कुरिअर' आली, फिनलंडमधून 'एसपीए'. कारखान्यातल्या कंट्रोलरसाठी १९७९ मध्ये मोडिकॉन कंपनीने बनवलेली 'मॉडबस' सबस्टेशनमध्येही शिरली. मॉडबसवर रिले नुसता आकडा देतो: अमुक रजिस्टरमध्ये ३२०. ते अँपिअर की व्होल्ट, आर फेजचे की बी फेजचे, हे कंपनीच्या छापील तक्त्यात शोधावे लागते. कॅनडात १९९३ मध्ये 'डीएनपी३' जन्मली. तिच्यात घटनेसोबत वेळही जाते. १९९७ च्या 'आयईसी ६०८७०-५-१०३' या मानकाने रिलेंसाठी ठरीव क्रमांक दिले. त्यात ६८ म्हणजे 'ट्रिप दिली' आणि ८४ म्हणजे 'फॉल्ट दिसू लागला'. पण ज्या गोष्टीला क्रमांकच नव्हता, ती प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने सांगायची. मग दोन बोलींच्या मध्ये प्रोटोकॉल कन्व्हर्टरचा डबा आला. डबा बिघडला की निरोप थांबलाच.

६. मोटारीच्या कारखान्यातून आलेली भाषा

१९८० च्या दशकात जनरल मोटर्सला हाच त्रास होता. कारखान्यात यंत्रमानव एका कंपनीचे, कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचे. त्यांना एका सुरात बोलायला लावण्याच्या खटपटीतून 'एमएमएस' ही संदेशपद्धत निघाली. अमेरिकेच्या वीज संशोधन संस्थेने आपल्या प्रकल्पासाठी तीच उचलली. तिकडे आयईसी, म्हणजे जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग, युरोपीय अनुभवावर वेगळे मानक लिहायला बसला होता. १९९७ च्या सुमारास दोन्ही गटांनी समंजसपणे ठरवले, की जगाला दोन मानके नकोत, एकच हवे. त्यातून २००२ ते २००५ या काळात 'आयईसी ६१८५०' चे भाग प्रसिद्ध झाले. आज रिलेची माहिती कंट्रोल रूमच्या संगणकापर्यंत नेणारी एमएमएस मुळात मोटारी जोडणाऱ्या कारखान्यातली आहे!

७. नाव वाचले की पत्ता कळतो

६१८५० ची खरी कमाई तारेत नाही, नावांत आहे. सबस्टेशनमधल्या प्रत्येक कामाला या मानकाने चार अक्षरांचे नाव दिले, आणि पहिले अक्षर जात सांगते. 'पी' म्हणजे प्रोटेक्शन: पीडीआयएस हे डिस्टन्स, पीटीओसी हे ओव्हरकरंट, पीडीआयएफ हे डिफरन्शियल. 'एक्स' म्हणजे स्विचगिअर: एक्ससीबीआर हा ब्रेकर, एक्सएसडब्ल्यूआय हा आयसोलेटर. 'एम' म्हणजे मोजमाप. सीआयएलओ म्हणजे इंटरलॉक, लाइन चालू असताना अर्थ स्विच लागू न देणारा पहारेकरी. रिले कोणत्याही कंपनीचा असो, ब्रेकरची स्थिती 'एक्ससीबीआर'च्या 'पॉस'मध्येच सापडणार. छापील तक्ते चाळायची गरज संपली.

८. ऑन की ऑफ? उत्तरे चार

ब्रेकर ऑन आहे की ऑफ, हे सांगायला एक बिट पुरेल असे वाटते. मानक मात्र दोन बिट घेते, आणि त्यामागे पुरता विचार आहे. ब्रेकरमध्ये दोन सहायक काँटॅक्ट असतात. एक ब्रेकरसोबत लागतो, दुसरा नेमका उलट वागतो. दोन्ही वाचले की चार उत्तरे निघतात. १० म्हणजे ऑन. ०१ म्हणजे ऑफ. ०० म्हणजे ब्रेकर मधल्या वाटेवर आहे. ११ म्हणजे खबर खोटी आहे, वायरिंग किंवा काँटॅक्ट तपासा. एकाच बिटावर विसंबलो असतो तर तुटलेली वायर आणि ऑफ असलेला ब्रेकर सारखेच दिसले असते. दुरुस्तीला लाइनवर चढणाऱ्या माणसाच्या जिवाशी या फरकाचा थेट संबंध आहे.

९. गावभर दवंडी

६१८५० मधला सर्वात वेगवान निरोप म्हणजे 'गूज'. तो एका पत्त्यावर जात नाही. गावात दवंडी पिटावी तसा तो सगळ्या नेटवर्कवर एकदम सोडला जातो, आणि ज्यांच्या कामाचा आहे ते तेवढा ऐकतात. 'मिळाला' अशी पोच कुणी देत नाही, कारण पोचेची वाट बघायला वेळच नसतो. त्याऐवजी रिले तोच निरोप पुन्हा पुन्हा सोडतो. आधी काही मिलिसेकंदांच्या अंतराने, मग अंतर वाढवत वाढवत. निरोपासोबत दोन मोजण्या जातात. घटना बदलली की पहिली मोजणी एकाने पुढे सरकते; तोच निरोप पुन्हा गेला की दुसरी. त्यामुळे ऐकणाऱ्याला नवी बातमी कोणती आणि पुनरुक्ती कोणती, हे लगेच कळते.

१०. शांततेतही बातमी असते

काहीच घडत नसले तरी गूज निरोप थांबत नाही. ठरलेल्या अंतराने, बहुधा दर सेकंदाला किंवा काही सेकंदांनी, 'सगळे पूर्वीसारखेच आहे' हे तो सांगत राहतो. 'पुढचा निरोप इतक्या वेळात येईल' हेही प्रत्येक निरोपात लिहिलेले असते. ती मुदत उलटली की ऐकणारा रिले अलार्म देतो. तांब्याच्या वायरीला हे जमत नाही. तिच्यावर वेगळी देखरेख नसेल, तर टर्मिनलवर सैल झालेली वायर महिनोन्‌महिने तशीच राहते आणि नेमकी फॉल्टच्या वेळी उघडकीला येते. इथे तुटलेला दुवा फॉल्ट येण्याआधीच ओरडून सांगतो.

११. शंभर मिलिसेकंदांचा हिशेब

भारताच्या ग्रिड मानकांनुसार ४०० आणि ७६५ केव्हीवरचा फॉल्ट १०० मिलिसेकंदांत तुटायला हवा. २२० आणि १३२ केव्हीसाठी मुदत १६० मिलिसेकंद आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. म्हणजे जेमतेम पाच आवर्तनांत रिलेने ओळखायचे, निरोप द्यायचा आणि ब्रेकरने उघडायचे. ब्रेकरलाच दोनेक आवर्तने लागतात. म्हणून पारेषणाच्या दर्जाच्या ट्रिप निरोपाला मानकाने ३ मिलिसेकंद दिले आहेत. आणि ब्रेकर अडकलाच तर? साधारण २०० मिलिसेकंद थांबून ब्रेकर फेल्युअरचे संरक्षण, आपल्याकडचे 'एलबीबी', त्या बसवरचे सगळे ब्रेकर पाडते. पूर्वी यासाठी प्रत्येक बेपासून वायरी ओढाव्या लागत. आता एकच निरोप सगळे बे एकदम वाचतात.

१२. आपल्या ३३/११ केव्हीलाही उपयोग

ही चैन फक्त मोठ्या सबस्टेशनची नाही. ११ केव्हीच्या एखाद्या फीडरवर फॉल्ट आला की फीडरच्या रिलेला तो दिसतो आणि इनकमरच्या रिलेलाही. इनकमरने घाई केली तर सगळे फीडर जातील. म्हणून जुन्या पद्धतीत इनकमरला काही काळ थांबायला लावतात. पण फॉल्ट बसबारवरच असला, तर तेवढा वेळ स्विचगिअर जळत राहते. गूजने यावर तोडगा दिला. फॉल्ट दिसताच फीडरचा रिले इनकमरला सांगतो: 'थांब, मी बघतो.' असा निरोप कुठूनच आला नाही तर फॉल्ट बसवर आहे, आणि इनकमर न रेंगाळता ट्रिप देतो. माहिती वेळेवर पोचली की उपकरणही वाचते आणि इतर गावांची वीजही.

१३. सेकंदाला चार हजार नमुने

सीटीची सेकंडरी कधीही उघडी ठेवायची नाही, हा टेस्टिंगवाल्यांचा पहिला धडा. लाइन चालू असताना ती उघडली तर टोकांवर जीवघेणे व्होल्टेज उभे राहते. यार्डातली मोजमापे वायरींऐवजी नेटवर्कवरून नेणाऱ्या 'प्रोसेस बस'वर चालणाऱ्या सबस्टेशनमध्ये हे संकट कंट्रोल रूममध्ये येतच नाही. यार्डातच सीटी-पीटीजवळ 'मर्जिंग युनिट' बसते. करंट आणि व्होल्टेज मोजून ते आकडे काचेच्या तंतूतून पाठवते. २००४ च्या एका सर्वमान्य मार्गदर्शिकेनुसार दर आवर्तनाला ८० नमुने, म्हणजे ५० हर्ट्झवर सेकंदाला ४०००. दिवसाचे होतात ३४ कोटी ५६ लाख, आणि प्रत्येक नमुन्यात चार करंट, चार व्होल्टेज. अशा एका प्रवाहाला साधारण ५ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात. कंट्रोल रूममध्ये येतो तो फक्त प्रकाश.

१४. एक मायक्रोसेकंद इकडे तिकडे नाही

नमुने वेगवेगळ्या ठिकाणांहून येणार असतील तर सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत. घड्याळ एका मिलिसेकंदाने चुकले तर ५० हर्ट्झच्या लहरीत १८ अंशांचा फरक पडतो. डिफरन्शियल रिलेला तो खोटा फॉल्ट वाटू शकतो. म्हणून सबस्टेशनच्या नेटवर्कवरूनच वेळ वाटण्याची पद्धत आली आणि २०१६ च्या मानकाने अचूकतेची मर्यादा एक मायक्रोसेकंद ठेवली. मग चूक उरते ०.०१८ अंशांची. वेळेची किंमत अमेरिका-कॅनडाने १४ ऑगस्ट २००३ च्या ब्लॅकआउटनंतर मोजली. सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, आणि अनेक नोंदींची घड्याळे जुळत नसल्याने आधी काय घडले आणि नंतर काय, हे लावण्यातच तपास करणाऱ्यांचा पुष्कळ वेळ गेला. वेळ जुळवलेले रेकॉर्डर सक्तीचे करा, ही त्यांची एक ठळक शिफारस होती.

१५. ग्वाल्हेरचे अरुण फडके

१९३८ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले अरुण फडके खरगपूरच्या आयआयटीत शिकले आणि अमेरिकेत गेले. संगणकी रिलेच्या पायाभरणीत त्यांचे नाव अग्रभागी आहे. रिलेसाठी केलेल्या गणितातूनच त्यांना आणि सहकाऱ्यांना सुचले, की दूरदूरच्या सबस्टेशनांतले व्होल्टेजचे कोन एकाच क्षणी मोजता येतील. त्यातून १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात 'फेझर मेझरमेंट युनिट' तयार झाले. २००८ मध्ये फडके आणि जेम्स थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला भारतात लागोपाठ दोन ब्लॅकआउट झाले. दुसऱ्याची झळ सुमारे ६० कोटी लोकांना बसली. दोन्ही वेळा सुरुवात बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनपासून झाली. तिथे फॉल्ट नव्हताच, जास्त लोड बघून डिस्टन्स रिलेचा तिसरा झोन चालला. त्या घटनांचा क्रम लावायला अशा फेझर नोंदीही कामी आल्या.

१६. निरोपाच्या दोन प्रती

नेटवर्कचा स्विच बंद पडला, केबल तुटली, तर? घरच्या इंटरनेटला काही सेकंदांची खोटी चालते, ट्रिपच्या निरोपाला नाही. 'पीआरपी' पद्धतीत प्रत्येक निरोपाच्या दोन प्रती दोन स्वतंत्र नेटवर्कवरून एकाच वेळी निघतात. आधी पोचेल ती घ्यायची, दुसरी टाकून द्यायची. एक वाट पूर्ण बंद झाली तरी खंड शून्य. दुसरी पद्धत 'एचएसआर'. तिच्यात सगळी उपकरणे एका कड्यात जोडतात आणि निरोप दोन्ही बाजूंनी फिरवतात. दोन्ही पद्धती एकाच मानकात आहेत, त्यामुळे इथेही कोणा एका कंपनीची मक्तेदारी नाही.

१७. स्क्रूड्रायव्हरची जागा कुणी घेतली?

पूर्वी रिले टेस्ट करायचा म्हणजे टर्मिनल ब्लॉकच्या लिंक स्क्रूड्रायव्हरने उघडायच्या. लिंक उघडली की ट्रिप पुढे जाणार नाही, हे डोळ्यांनी दिसायचे. गूजमध्ये उघडायला लिंकच नाही. म्हणून मानकाने प्रत्येक कामाला पाच अवस्था दिल्या: ऑन, ऑन पण आउटपुट रोखलेले, टेस्ट, टेस्ट पण आउटपुट रोखलेले, आणि ऑफ. टेस्टमधल्या रिलेच्या निरोपावर तसा शिक्का असतो, आणि कामावरचा रिले शिक्का बघून तो निरोप अमलात आणत नाही. टेस्ट किटमधून आलेल्या निरोपावर वेगळा 'सिम्युलेशन'चा शिक्का असतो. टेस्टिंगच्या माणसांना ही शिस्त नव्याने अंगी बाणवावी लागते, आणि त्यासाठी त्यांना रीतसर प्रशिक्षण मिळालेच पाहिजे. चालू सबस्टेशनमध्ये शिकत शिकत करण्याचे हे काम नव्हे.

१८. कीव्हची मध्यरात्र

१७ डिसेंबर २०१६ ला मध्यरात्रीच्या सुमारास युक्रेनच्या राजधानीजवळचे एक पारेषण सबस्टेशन बंद पडले. कीव्हची साधारण एक पंचमांश वीज सुमारे तासभर गेली. मागे होते 'इंडस्ट्रॉयर' नावाचे घातक सॉफ्टवेअर. ते ब्रेकरशी सबस्टेशनच्याच मानक भाषांत बोलत होते. आधी आलेल्या '१०३'ची भावंडे '१०१' आणि '१०४', आणि ६१८५०, या तिन्ही त्याला येत होत्या. एका जातीच्या रिलेंना निष्क्रिय करण्याचा भागही त्याच्यात होता. म्हणजे भाषा सगळ्यांना खुली असेल तर बोलणारा कोण, हे ओळखण्याची सोयही हवी. त्यासाठी 'आयईसी ६२३५१' हे सुरक्षेचे मानक आहे: निरोपावर डिजिटल सही, आणि अधिकार असेल त्यालाच प्रवेश. नव्या सबस्टेशनच्या यादीत ही ओळ शेवटी नव्हे, सुरुवातीलाच हवी.

१९. पंजाबपासून वेर्ण्यापर्यंत

पॉवरग्रिडने २०२० मध्ये पंजाबातल्या मलेरकोटला इथे आधीपासून चालू असलेल्या सबस्टेशनला प्रोसेस बसचे नवे रूप दिले. देशभरातल्या आपल्या सबस्टेशनांवर हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रातून दूरस्थ नजर आणि नियंत्रण ठेवण्याची सोयही पॉवरग्रिडने उभारली आहे. महाराष्ट्रातल्या सबस्टेशनांतली मोजमापे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडे '१०१' आणि '१०४' या मानकांनी जातात. रिले बनतातही आपल्याकडेच: गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत सीमेन्सचा कारखाना आहे, ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अशिदा कंपनी रिले तयार करते. मानक खुले असल्यानेच ठाण्याचा रिले जर्मनीच्या रिलेशेजारी त्याच पॅनेलमध्ये बसू शकतो.

२०. फाइल कुणाकडे आहे?

शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची. ६१८५० वर चालणाऱ्या सबस्टेशनची सगळी मांडणी एका 'एससीडी' फाइलमध्ये असते: कोणता रिले कुठे, कोण कुणाला काय सांगतो, कोणता निरोप कोणत्या पत्त्यावर. जे पूर्वी वायरिंगच्या ड्रॉइंगच्या गठ्ठ्यांत असायचे, ते आता इथे असते. ही फाइल साध्या, माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहायची, असे मानकच सांगते. तरी काम संपल्यावर ताजी फाइल कंत्राटदाराच्या लॅपटॉपवरच राहिली, तर पुढे एक रिले बदलायलाही त्याच्याच दारात जावे लागते आणि खुल्या मानकाचा सगळा फायदा वाया जातो.

तेव्हा वीज कंपन्यांनी टेंडरमध्ये स्पष्ट लिहावे: एससीडी फाइल आमच्या मालकीची, प्रत्येक बदलानंतर ताजी प्रत आमच्या हाती, आणि निदान दोन कंपन्यांचे रिले एकमेकांशी बोलून दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरले जाणार नाही. विद्युत शाखेच्या विद्यार्थ्यांनी डिस्टन्स रिलेच्या झोनबरोबर नेटवर्कही शिकावे, कारण यापुढे ट्रिप का गेली नाही याचे उत्तर कधी कॉइलमध्ये सापडेल, कधी स्विचच्या सेटिंगमध्ये. ही भाषा जगाने सगळ्यांसाठी लिहिली आहे. ती आपल्या माणसांना यायलाच हवी.